औद्योगिक भांग: शेतकऱ्यांना आधी काय शिकवायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे एका खासगी कंपनीची माणसं येऊन गेली. औद्योगिक भांग, म्हणजे हेम्प, हे कमी पाण्यात येणारं, फवारणी न लागणारं आणि सोयाबीनच्या कितीतरी पट पैसे देणारं पीक आहे, बियाणं आम्ही देऊ, माल आम्हीच उचलू, असं त्यांनी सांगितलं. सभासदांमध्ये उत्सुकता आहे. पुढच्या खरिपाआधी त्यांना प्रशिक्षण द्यायचं तर सुरुवात कुठून करावी आणि काय काय शिकवावं?

माझं सगळं काम तंतुपिकांच्या विस्तारातलं. त्यातली काही वर्षं उत्तराखंडच्या पहाडात भांग पिकवणाऱ्या कुटुंबांबरोबर गेली. त्या अनुभवावरून सांगतो, लागवड शिकवायची घाई करू नका. भांग पेरणं आणि वाढवणं हा ह्या सगळ्यातला सर्वात सोपा भाग आहे. शेतकऱ्याचे हात पोळतात ते कायदा, बियाणं, तपासणी आणि गिऱ्हाईक ह्या चार ठिकाणी. म्हणून प्रशिक्षणही ह्याच क्रमाने लावा, आणि पहिल्या ठिकाणी घोडं अडलं तर तिथेच थांबायची तयारी ठेवा.

पहिलं सत्र कायद्याचं, आणि ते आडपडदा न ठेवता घ्या. आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आहे, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. त्याचं कलम ८ भांगेच्या कुठल्याही झाडाची लागवड करायला मनाई करतं. कुठल्याही म्हणजे खरोखरच कुठल्याही. व्याख्येत भांगेचं झाड म्हणजे कॅनाबिस ह्या प्रजातीतलं कोणतंही झाड एवढंच लिहिलंय. त्यात नशेचं द्रव्य किती टक्के आहे हे तिथे विचारलेलंच नाही. तुम्हाला दाखवलेल्या सादरीकरणात "टीएचसी (हेच ते नशेचं द्रव्य) ०.३ टक्क्यांच्या खाली असेल तर पीक कायदेशीर" असं वाक्य असणारच. ते अमेरिकेच्या २०१८ च्या कृषी कायद्यातून उचललेलं असतं. युरोपीय संघानेही २०२३ पासून हीच मर्यादा धरली आणि उत्तराखंडने आपल्या परवान्यासाठी तीच घेतली. पण परवाना नसलेल्या शेतात झाडात ०.३ टक्के असो की ०.०३, कलम २० लागतं: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.

दुसरी दिशाभूल ह्याहून चतुर असते. गांजाच्या व्याख्येतून बिया आणि पानं वगळलेली आहेत, शेंड्याचा फुलोरा सोबत नसेल तर. हे खरं आहे. त्यावरून "बियांसाठी लागवड केली तर गुन्हा नाही" असा निष्कर्ष काढून दाखवतात, तो साफ चूक आहे. बी जवळ बाळगणं आणि झाड लावणं ह्या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किराणा दुकानात हेम्पच्या बियांचं पाकीट मिळतं हे दाखवून कुणी तुमच्या सभासदाला शेतात बी टाकायला लावलं, तर उद्या पोलीस त्या सभासदाच्या दारात येतील, पाकीट विकणाऱ्याच्या नाही.

दार अगदी बंद आहे असंही नाही. कलम १० राज्य सरकारांना भांगेच्या लागवडीला परवानगी देण्याचे आणि ती नियमात बांधण्याचे अधिकार देतं, आणि कलम १४ तर खास औद्योगिक कारणासाठी आहे: तंतू किंवा बी मिळवण्यासाठी, किंवा बागकामासाठी, सरकार आदेश काढून लागवडीला मुभा देऊ शकतं. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही तंतू आणि बियांसाठीची लागवड वेगळी काढलेली आहे. ह्या कलमांचा आधार घेऊन २०१८ मध्ये उत्तराखंडने औद्योगिक भांगेच्या लागवडीचा परवाना दिला; असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. हिमाचल प्रदेशच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी इथल्या दोन विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. महाराष्ट्रात मात्र सामान्य शेतकऱ्याने अर्ज करावा आणि परवाना घ्यावा अशी व्यवस्था आज नाही. तेव्हा त्या कंपनीला पहिला प्रश्न लेखी विचारा: परवाना कोणत्या राज्याच्या कोणत्या आदेशाखाली, कुणाच्या नावावर आणि कोणत्या गट नंबरसाठी? उत्तराखंडचा परवाना वाशीमच्या किंवा यवतमाळच्या शेतात चालत नाही. "प्रक्रिया सुरू आहे" हे उत्तर आलं तर प्रशिक्षणाची तारीखही प्रक्रियेत ठेवा.

सभासद म्हणतील, आम्ही पिकवत नाही, जमीन भाड्याने देतो, पुढचं कंपनी बघेल. तेही वाचून दाखवा. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत भांगेची बेकायदा लागवड झाली असेल तर ती ताबडतोब कळवणं हे जमीनधारकाचं कर्तव्य आहे, आणि माहीत असून न कळवणं हा गुन्हा. कलम ४७ मध्ये हीच जबाबदारी पंच, सरपंच आणि गावच्या इतर अधिकाऱ्यांवर आहे. म्हणून ह्या सत्राला सरपंच आणि पोलीस पाटलांना बोलवाच, आणि जमलं तर राज्य उत्पादन शुल्क विभागातला माणूसही. त्यांच्या तोंडून ऐकलेलं शेतकऱ्याला जास्त पटतं, आणि पुढे कधी परवानगी मिळालीच तर हीच मंडळी तुमच्या बाजूने उभी राहायला हवी आहेत.

आता उत्तराखंडचं सांगतो, कारण तिथे प्रशिक्षण म्हणजे काय असतं ते मला नव्याने कळलं. कुमाऊँ आणि गढवालच्या गावांत भांग शिकवावी लागत नाही. बिया भाजून, लिंबू-मिरचीबरोबर वाटून चटणी करणं, देठं पाण्यात कुजवून साल काढणं, तिचे दोर वळणं हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. भंगेला नावाचं जाडंभरडं कापडही ह्याच तंतूचं. एक आजी अंगणात उभी राहून देठाचं बूड मोडायची आणि एका ओढीत शेंड्यापर्यंत सालीची पट्टी सोलून काढायची. तिला पीक आम्ही काय शिकवणार? तिला शिकवायचं होतं ते हे की तिच्या कणगीतलं बी परवान्याच्या शेतात चालणार नाही. पहाडातल्या बऱ्याच स्थानिक वाणांत टीएचसी ०.३ टक्क्यांच्या वर जातं, आणि परवान्याची अट तर त्याच्या खालची. शिवाय रस्त्याच्या कडेला, ओसाड वावरात रानभांग उभी असते. भांगेचा पराग वाऱ्यावर काही किलोमीटर जातो. म्हणजे कमी टीएचसीचं बी आणून लावलं, तरी त्यातून घरी धरलेलं पुढच्या वर्षीचं बी शुद्ध राहील ह्याचा भरवसा नाही. दरवर्षी प्रमाणित बी विकत घेणं आलं, आणि पहाडातल्या दोन नाळीच्या, म्हणजे जेमतेम चार गुंठ्यांच्या शेतकऱ्याला तो खर्च झेपत नाही. ही अडचण वाण-संशोधनाने आणि सरकारी बियाण्याने सुटणारी आहे, शेतकऱ्याला शहाणं करून नाही. प्रशिक्षण देणाऱ्याने हे मान्य करायला हवं, नाहीतर आपण व्यवस्थेचा दोष शेतकऱ्याच्या अज्ञानावर ढकलतो.

बियाण्याचा प्रश्न महाराष्ट्रासाठी ह्याहून कठीण आहे, आणि कंपनीच्या माणसांना हे विचारलंत की त्यांची तयारी लगेच कळेल. भांग हे दिवसाच्या लांबीवर चालणारं पीक आहे. दिवस मोठा असेपर्यंत ते उंच वाढतं. उजेडाचे तास साधारण चौदाच्या खाली आले की फुलोऱ्यावर येतं, वाणाप्रमाणे थोडं मागेपुढे. फ्रान्समध्ये जूनचा दिवस सोळा तासांचा. फेडोरा, फेलिना, फुतुरा हे नावाजलेले फ्रेंच वाण तिथल्या उजेडात दोन-तीन मीटर उंच जातात. डेहराडूनला सर्वात मोठा दिवस चौदा तासांच्या आसपास. आणि आपल्याकडे? नागपूरला साडेतेरा तास, कोल्हापूरला त्याहून कमी. म्हणजे आपल्याकडे वर्षातला एकही दिवस ह्या वाणांना लागतो तेवढा मोठा नसतो. युरोपचं बी जूनमध्ये पेरलं तर गुडघ्याएवढं झाड महिन्याभरात फुलावर येईल. ना देठ, ना तंतू, बीही नावालाच. खत आणि पाणी कितीही द्या, त्याने हे बदलत नाही.

ह्यावर उपाय आहे, पण तो पुस्तकातून नाही, शेतातल्या चाचणीतून येईल. कमी अक्षांशावर तयार झालेले वाण हवेत. चीनच्या युन्नान प्रांतातल्या कृषी अकादमीने 'युनमा' मालिकेतले वाण काढले आहेत. थायलंडच्या उत्तरेत, चियांग माईच्या डोंगरात, ह्मोंग लोक पूर्वापार भांगेचं कापड विणतात. तिथल्या रॉयल प्रोजेक्टने, म्हणजे राजाने सुरू केलेल्या शेतीविकास प्रकल्पाने, त्या स्थानिक बियांतून निवड करत कमी टीएचसीचे तंतूचे वाण उभे केले. चियांग माई आणि पुणे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. तिथली उंची आणि पाऊस वेगळा, त्यामुळे ते वाण इथे जसेच्या तसे चालतील असं मी म्हणत नाही, पण शोध घ्यायचा तर त्या दिशेने. तेव्हा दुसरा लेखी प्रश्न: बियाण्याचं वाण कोणतं, ते कोणत्या अक्षांशावर काढलं, आणि महाराष्ट्राच्या हवामानात कोणत्या संशोधन संस्थेच्या शेतावर त्याची चाचणी झाली? बी परदेशी असेल तर आयातीची आणि वनस्पती संगरोधाची (क्वारंटाइनची) कागदपत्रं.

लागवड शिकवायची वेळ येईल तेव्हा आधी हे सांगा की हेम्प हे एक पीक नव्हे. तंतूसाठी लावायचं तर हेक्टरी पन्नास-साठ किलो किंवा त्याहून जास्त बी, दोन ओळींमध्ये वीतभरापेक्षा कमी अंतर, म्हणजे झाडं दाट, बारीक आणि सरळ वाढतात आणि तणाला उजेड मिळत नाही. बियांसाठी त्याच्या निम्म्याने बी आणि जरा मोकळी ओळ. फुलातल्या सीबीडी ह्या नशा न आणणाऱ्या द्रव्यासाठी लावतात ते तर फळबागेसारखं, एकरी हजार-दीड हजार मादी रोपं, प्रत्येकीची वेगळी निगा. कायद्याचं कलम १४ तंतू आणि बियांबद्दल बोलतं, फुलाबद्दल नाही. पैशाचे जे आकडे सादरीकरणात झळकतात ते मात्र बहुतेक ह्या तिसऱ्या प्रकारचे असतात. पहिल्याचा परवाना, दुसऱ्याचं बी आणि तिसऱ्याचा नफा अशी भेळ करून शेतकऱ्याला दाखवतात. ती वेगळी करून सांगणं हे तुमच्या प्रशिक्षणाचं अर्धं काम आहे.

जमिनीबद्दल दोन शब्द. भांगेला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, विशेषतः पहिले तीन-चार आठवडे. तुमच्याकडच्या भारी काळ्या जमिनीत जुलैची झड लागली की कोवळं पीक पिवळं पडून बसतं. निचऱ्याची, मध्यम, सेंद्रिय कर्ब असलेली जमीन हवी, सामू सहा ते साडेसातच्या दरम्यान. "कमी पाणी" हे कापूस-उसाच्या तुलनेत खरं आहे, पण हेक्टरी शंभर-सव्वाशे किलो नत्र खाणारं हे पीक आहे, माळरानावर फुकट येणारं नाही. आणि "फवारणी लागत नाही" ह्यामागे एक कारण असंही आहे की ह्या पिकासाठी शिफारस केलेली औषधं फारशी नाहीतच. अळी आली तर काय करायचं, हे विचारा.

काढणीवर मात्र वेळ द्या, कारण कष्टाचं पीक इथेच मातीत जातं. बियांचा फुलोरा एकदम पिकत नाही. खालच्या बिया तपकिरी होऊन गळायला लागतात तेव्हा शेंड्याच्या हिरव्या असतात. सगळं पिकायची वाट पाहिली तर निम्मं जमिनीवर आणि पाखरांच्या पोटात. म्हणून सत्तर-पंचाहत्तर टक्के बी पिकलं की कापणी, आणि तेव्हा बियांत पंधरा-वीस टक्के ओलावा असतो. हे बी पोत्यात भरून रात्रभर ठेवलं तर सकाळी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघा, आत चांगलीच ऊब लागते. ती ऊब लागली म्हणजे तेल खवट व्हायला सुरुवात झाली आणि उगवणही गेली. मळणीच्या दिवशीच पातळ पसरून, वारा देऊन, ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर आणावा लागतो. तुमच्या गोदामाजवळ वाळवणयंत्र आहे का, की सोयाबीनसारखं रस्त्यावर वाळवणार? आणि सोयाबीनचं हार्वेस्टर तसंच घालू नका. देठाचा तंतू फिरत्या दांड्यांना गुंडाळतो, घट्ट बसतो आणि घर्षणाने तापतो. आग लागल्याचे प्रकार घडलेले आहेत.

तंतूचं गणित आणखी निराळं. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. नराचा पराग झडायला लागला की तंतूसाठी कापणीची वेळ, कारण नंतर साल लाकडी होत जाते. कापलेली देठं शेतात दवावर किंवा पाण्यात कुजवायची. किती दिवस हे पुस्तक सांगत नाही, देठ सांगतो. एक देठ मधोमध वाकवा. आतली काडी कट्कन तुटली आणि साल अखंड, मोकळी सुटून आली तर झालं. साल काडीला चिकटून राहिली तर अजून वेळ आहे. साल काळपट झाली आणि बोटांनी ओढताच तुटली तर ढिगारा गेला, त्याचा दोरही होणार नाही. ज्यांनी ताग किंवा अंबाडी कुजवली आहे त्या म्हाताऱ्या माणसांना ह्या सत्रात पुढे बसवा, ते हे तरुणांना माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील. आपल्याकडे सप्टेंबरचा परतीचा पाऊस ह्या कुजण्याचा अंदाज चुकवतो, हेही त्यांच्याच लक्षात आधी येईल.

वाळलेल्या देठात तंतू साधारण पाव ते तिसरा हिस्सा, बाकी आतली काडी. म्हणजे कारखाना दोनशे किलोमीटरवर असेल तर तुम्ही तीन ट्रकमधले दोन ट्रक काडी वाहून नेता, तीही फुसफुशीत, हलकी, जागा खाणारी. म्हणून साल काढायचं यंत्र पिकाच्या जवळ लागतं. परदेशातही कारखान्यापासून फार लांबचा शेतकरी ह्या पिकात टिकत नाही. तिसरा लेखी प्रश्न: यंत्र कुठे आहे? कुठे बसणार आहे असं नव्हे, आज कुठे उभं आहे आणि चालताना बघायला कधी येऊ?

आता तपासणी. टीएचसीची चाचणी फुलोऱ्याच्या शेंड्याची होते, सगळ्या झाडाची नाही, आणि शेंड्यातच हे द्रव्य सर्वात जास्त असतं. पीक जसं पक्व होतं तसं ते वाढतं. अमेरिकेत मोजणी अशी करतात: तयार टीएचसी, अधिक त्याच्या आम्लरूपाला (तापवल्यावर ज्याचं टीएचसी होतं) ०.८७७ ने गुणून येणारा आकडा. समजा प्रयोगशाळेने टीएचसी ०.०५ आणि आम्लरूप ०.३५ दाखवलं. शेतकरी पहिला आकडा बघून खूश होईल. पण ०.३५ गुणिले ०.८७७ म्हणजे सुमारे ०.३१, त्यात ०.०५ मिळवले की ०.३६. पीक नापास. तिथल्या नियमाप्रमाणे असं पीक जसंच्या तसं बाजारात नेता येत नाही; ते नष्ट करावं लागतं किंवा नियमाने सुधारून घ्यावं लागतं. हे गणित फळ्यावर सभासदांकडून करून घ्या, मग विचारा: नापास झालं तर बियाण्याचे, मजुरीचे, नांगरटीचे पैसे कोण देणार? कंपनीच्या करारात ह्याचं उत्तर शेतकऱ्याच्या बाजूने लिहिलेलं नसेल तर सही नको. बी त्यांचं, वाण त्यांनी निवडलेलं, मग नापास होण्याची जोखीम शेतकऱ्याच्या गळ्यात का?

बाजाराबद्दल सांगताना अमेरिकेचं उदाहरण घ्या, कारण तिथे सगळं कायदेशीर होतं, विद्यापीठं पाठीशी होती, शेतकरी सुशिक्षित होता आणि तरीही नुकसान झालं. केंटकी राज्यात तंबाखू उतरणीला लागली होती, शेतकरी पर्याय शोधत होते. २०१४ च्या कायद्याने प्रायोगिक लागवड सुरू झाली, २०१८ मध्ये देशभर मुभा मिळाली, आणि २०१९ ला जो तो सीबीडीसाठी हेम्प लावून मोकळा झाला. प्रक्रिया करणारे थोडे, माल अफाट. भाव कोसळले, प्रक्रियेच्या कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, वाळवलेला माल कोठारांत पडून राहिला. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आकडेवारीत २०२१ ला हेम्पच्या उत्पादनाची किंमत ८२.४ कोटी डॉलर होती, २०२२ ला ती २३.८ कोटी डॉलरवर आली. उघड्यावरचं लागवडीचं क्षेत्र सुमारे ५४ हजार एकरांवरून २८ हजारांवर. एका वर्षात.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे ऐकून मागे असाच गाजावाजा होऊन बुडालेली सफेद मुसळी आठवेल, जट्रोफा आठवेल, इमू आठवेल. आठवू द्या. त्या प्रत्येक वेळी शेतकरी मूर्ख नव्हता. त्याला पीक किंवा पक्षी वाढवायला शिकवलं होतं आणि तो शिकलाही होता. त्याला शेवटच्या गिऱ्हाइकाचं नाव कुणी सांगितलं नव्हतं, कारण पहिला शेतकरी बेणं दुसऱ्याला विकत होता आणि दुसरा तिसऱ्याला. हेम्पमध्येही तुमच्या सभासदाला बियाणं विकून पैसे करणारी कंपनी आणि त्याचा माल विकून पैसे करणारी कंपनी ह्यात फरक करायला शिकवा. पहिली पेरणीआधीच नफ्यात असते.

ह्याच्या उलट उदाहरण फ्रान्सचं. शॅम्पेनच्या भागात, ओब जिल्ह्यात, शेतकऱ्यांनी १९७३ मध्ये हेम्पची सहकारी संस्था काढली, ला शाँव्रिएर. कारखाना शेतकऱ्यांच्या मालकीचा, लागवड कराराने, आणि क्षेत्र कारखान्याला झेपेल तेवढंच. फ्रान्समध्ये ह्या पिकावर कधीच पूर्ण बंदी आली नाही, सिगारेटच्या कागदाला हा तंतू लागायचा म्हणून ते टिकून राहिलं. आधी गिऱ्हाईक, मग यंत्र, मग क्षेत्र. सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या महाराष्ट्राला हा क्रम समजवायला फार वेळ लागू नये.

भारतात बियांचा खाण्याचा बाजार कायदेशीर झालाय. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचं बी, तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलं. बियांत टीएचसी किलोला ५ मिलिग्रॅम आणि तेलात १० मिलिग्रॅम ही मर्यादा. बियांत तीस टक्के तेल आणि पाव भाग प्रथिनं, त्यामुळे शहरात मागणी आहे, हे खरं. पण हे अजून छोट्या पाकिटांचं, महाग मालाचं गिऱ्हाईक आहे. सोयाबीनला २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. तो पदरात पडत नाही ही तक्रार रास्त आहे, पण निदान बाजार समितीत कुणीतरी बोली लावतं. हेम्पला हमीभाव नाही, बाजार समितीत आवक नाही, आपल्याकडच्या पीकविम्यात नाव नाही. करार मोडला तर शेतकऱ्याला दुसरं दार नाही. हे वाक्य प्रशिक्षणात जसंच्या तसं म्हणा.

माझा सल्ला विचाराल तर येत्या खरिपात तुमच्या एकाही सभासदाच्या शेतात हेम्प नको. प्रशिक्षण मात्र जरूर घ्या, वर सांगितलेल्या क्रमाने, आणि त्यात बायकांना पुरुषांएवढंच बसवा. खुरपणी, कापणी, वाळवण त्यांच्याच अंगावर येतं आणि "पैसे कधी मिळणार?" हा प्रश्न त्याच सर्वात आधी विचारतात. सत्राच्या शेवटी कुणाकडून होकार घेऊ नका. आठ दिवसांनी पुन्हा जमा आणि ऐकलेलं सभासदांच्या तोंडून परत ऐका: परवाना कोण देतो, नापास पिकाचं काय, यंत्र कुठे. उत्तरं नीट येईपर्यंत पुढचं पाऊल नको.

दरम्यान तुमच्या हातात करण्यासारखं आहे. ज्यांना तंतुपीक आणि यंत्र समजून घ्यायचंय त्यांनी ताग आणि अंबाडी लावून बघावी; परवाना लागत नाही, कुजवणं-सोलणं सगळं शिकायला मिळतं, आणि ताग जमिनीत गाडला तरी फायद्याचा. तेलबियांचं नवं गिऱ्हाईक शोधायचंय त्यांच्यासाठी विदर्भाचं जुनं जवस आहे. ओमेगा-३ साठी हेम्पचं बी घेणारं शहरातलं गिऱ्हाईक जवसही घेतं, आणि त्यासाठी कुणाला पोलीस ठाण्यात जावं लागत नाही.

आणि हेम्पची वाट खरंच उघडायची असेल तर ती अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून जाते, खासगी सादरीकरणातून नाही. २०१२ च्या राष्ट्रीय धोरणातच कमी टीएचसीच्या वाणांवर संशोधनाला उत्तेजन देण्याचं म्हटलं आहे. तुमच्या कंपनीच्या वार्षिक सभेत ठराव करा: विद्यापीठाने कलम १४ खाली शासनाची परवानगी घेऊन, कुंपणाच्या आत, स्वतःच्या प्रक्षेत्रावर कमी अक्षांशाच्या वाणांची चाचणी घ्यावी, आणि तिचे निष्कर्ष शेतकऱ्यांना खुले करावेत. ठरावाची प्रत कुलगुरूंना, कृषी आयुक्तांना आणि तुमच्या आमदारांना पाठवा. बाकीच्या शेतकरी कंपन्याही असा ठराव करतील तर त्याला वजन येईल. मसुदा करून इथे टाकलात तर कलमांचे संदर्भ मी तपासून देईन, आणि त्या कंपनीकडून तीन लेखी उत्तरं आली तर तीही दाखवा.